बैठकीची खोली, पिट्सबर्ग

परदेशात शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्या पंधरा दिवसांत घरून एक प्रश्न हमखास येतो. "काय रे, सेटल झालास का?" आणि सगळे जण "हो" असंच उत्तर देतात, कारण विचारणाऱ्याच्या डोक्यातली यादी तोवर पूर्ण झालेली असते. खोली मिळाली, सिमकार्ड आलं, बँकेत खातं उघडलं, तांदूळ कुठे मिळतो ते कळलं. झालं की सेटल!

माझं म्हणणं असं की ही सेटल होण्याची यादी नाहीच. ही चाकरमान्याची यादी आहे. आणि चाकरमानी म्हणजे काय, हे आम्हां रत्नागिरीकरांना कुणी शिकवायला नको.

पुण्यात जन्मलेल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. चाकरमानी म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेला कोकणातला माणूस. घर, बायकोपोरं, भाताची खाचरं, देव, भांडणं, सगळं गावात. मुंबईत फक्त तो आणि त्याची ट्रंक. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचं, मधल्या काळात मनिऑर्डर करायची. माझ्या आईचे एक काका असे लालबागच्या गिरणीत होते. लांजा तालुक्यातलं त्यांचं गाव, आणि लालबागच्या एका चाळीत त्या गावाची एक खोली. तिला बैठकीची खोली म्हणायचे. खोली दहा बाय बाराची, आणि वहीत नावं बावीस. ऐकताना अशक्य वाटतं, पण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच चटईवर आडवा व्हायचा. फळीवर ट्रंका, भिंतीला खिळे, प्रत्येकाचा खिळा ठरलेला. जेवण चाळीतल्याच एका बाईच्या खानावळीत, पैसे पगाराला. (गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली एकत्र आणलं, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तो एक वेगळाच आणि मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी.)

आजोबा त्या खोलीत एकतीस वर्षं राहिले. एकतीस! आणि मुंबई किती पाहिली? लालबाग, परळ, भाऊचा धक्का. गेटवेला ते गेले ते गावचे पाहुणे दाखवायला, तेवढेच. यात त्यांचं काही चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. ते मुंबई बघायला आलेच नव्हते. महिन्याला ठरावीक पैसे गावी पोचले की त्यांचं मुंबईतलं काम झालेलं असायचं.

आता २००५ चा ऑगस्ट. पिट्सबर्ग, अमेरिका. दोन बेडरूमचा फ्लॅट, पाच पोरं, चार मराठी आणि एक तेलुगू. गाद्या आधीच्या सीनियरांनी सोडून गेलेल्या. एक गादी तर रस्त्याच्या कडेला "घेऊन जा" म्हणून ठेवलेली, ती रात्री साडेअकराला दोघांनी डोक्यावरून आणली. फ्रिजवर स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कागद. एक राइस कुकर, तो बहुतेक दिवसाचे चोवीस तास चालू असावा. आणि प्रत्येकाच्या डोक्यात पंचेचाळीसचा पाढा. दोन डॉलरची कॉफी म्हणजे नव्वद रुपये! नव्वद रुपयांत तेव्हा मिसळीच्या चार प्लेटी येत होत्या. कोण पिणार कॉफी?

मला तिथे पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच लख्ख दिसलं की ही लालबागची खोली आहे. फक्त खिडकीबाहेर चाळीऐवजी मेपल.

या खोलीला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. आपल्याकडे एक वर्ग असतो, तो तिकडे जाऊन आला की म्हणतो, "इंडियन्समध्येच राहायचं तर गेलातच कशाला?" हे म्हणायला सोपं आहे. ज्याच्या बापाने राहतं घर बँकेत तारण ठेवलंय (शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, त्यामुळे कलमांची बाग असली तरी कागदावर घरच जातं) त्याला भाड्यात वाचलेले दीडशे डॉलर म्हणजे काय ते विचारा. शिवाय पहिल्या दिवशी एअरपोर्टवर घ्यायला कोण येतं? बस कुठली, हीटर कसा लावतात, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसला कुठले कागद न्यायचे, हे कोण सांगतं? खोलीच सांगते. पहिल्या सेमिस्टरला ही खोली हवीच.

प्रश्न पुढचा आहे. आपण खोली उचलली, पण अर्धीच.

लालबागच्या खोलीत एक म्हातारा असायचा. वयाने म्हातारा असेलच असं नाही, पण ज्याचा शब्द चालतो असा. वही त्याच्याकडे. नवा पोरगा आला की त्याला गिरणीच्या गेटवर बदली कामगारांच्या रांगेत तोच उभा करायचा. कुणी दोन दिवस खानावळीत जेवायला गेला नाही की बाई त्याला येऊन सांगायची. कुणी फारच आजारी पडला तर सोबत देऊन त्याला गावी पोचवायचं, तिकिटाचे पैसे वहीत लिहायचे. थोडक्यात काय, बावीस माणसांवर कुणाची तरी नजर होती.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार जण होते. चौघांचे चार कोर्स, चार वेळापत्रकं. त्यातला एक, नाव सांगत नाही, फेब्रुवारीत घराबाहेर पडायचा बंद झाला. पिट्सबर्गचा फेब्रुवारी म्हणजे करडं आभाळ, वितळून पुन्हा गोठलेला काळा बर्फ, आणि लवकर पडणारा अंधार. रूममेट्सना वाटलं हा लॅबमध्ये असतो. लॅबवाल्यांना वाटलं हा घरून काम करतो. घरी रत्नागिरीसारख्याच एका छोट्या गावात आईवडिलांना दर रविवारी कॉलिंग कार्डावरून "मजेत आहे" ऐकू येत होतं. जवळजवळ तीन आठवडे! शेवटी लक्षात कुणाच्या आलं? डिपार्टमेंटच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन बाईच्या, कारण याने महिन्याचा चेक उचलला नव्हता. कुणीही गरजू विद्यार्थी चेक टेबलावर ठेवून देत नाही, एवढं त्या बाईला कळत होतं. तिने फोन केला, मग स्वतः आली, त्याला कॉलेजच्या समुपदेशकाकडे घेऊन गेली. पोरगा सावरला, एक सेमिस्टर उशिरा का होईना, डिग्री घेऊन बाहेर पडला. आज उत्तम चाललंय त्याचं.

भाडं वाटून घ्यायची पद्धत आम्ही लालबागहून आणली, म्हातारा मात्र तिकडेच राहिला. म्हणून "आपली माणसं आहेत, काळजी नाही" हे वाक्य मला फार तपासून घ्यावंसं वाटतं.

आणि "आपली" कोण, हाही प्रश्न आहेच. दुसऱ्या वर्षी आमच्या जिल्ह्यातलाच, खेडकडचा एक मुलगा येणार होता. एका मराठी फ्लॅटमध्ये जागा आहे असं कळून त्याने भारतातून फोन केला. गप्पा छान झाल्या. शेवटी त्याला विचारलं गेलं, "पूर्ण नाव काय रे?" त्याने आडनाव सांगितलं. दोन दिवसांनी ईमेल आली, जागा भरली. जागा पुढे महिनाभर रिकामी होती हे सगळ्यांना माहीत होतं. तो एका नायजेरियन आणि एका चिनी मुलाबरोबर राहिला, आणि ते शहर आमच्या सहा महिने आधी त्याला कळलं. पण म्हणून जे झालं ते बरंच झालं, असं कुणी म्हणू नये.

आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. १९१३ च्या जुलैत ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. त्यांच्या पहिल्या काही आठवड्यांचा इतिहास वाचला की आजच्या कुठल्याही एमएसवाल्याला आपलीच गोष्ट वाटेल. आधी हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण जमेना, बीफ असायचं. आठवड्याभरात तिथून निघून कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले, कारण तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. म्हणजे बघा, एवढा माणूसही पहिल्यांदा ओळखीचं ताट कुठे मिळेल तिकडेच गेला! पण तिथे थांबले नाहीत. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. गाव वेगळं, धर्म वेगळा. ही मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे १९२० साली लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा याच भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले.

मला जास्त टोचतं ते मधलं. १९१७ साली परत येऊन ते करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात. सामान बाहेर. न्यूयॉर्कमध्ये तीन वसतिगृहं पसंतीप्रमाणे बदलणारा माणूस बडोद्यात रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून राहिला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. परदेशात "एकटं वाटतं" ही तक्रार करताना मला हे नेहमी आठवतं. काही जणांना ते एकटेपण म्हणजे मोकळा श्वास असतो. आडनाव ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही असा घरमालक आयुष्यात पहिल्यांदा भेटतो, हे काही कमी नाही. (पुण्यात भाड्याने घर शोधून पाहा. "व्हेज की नॉनव्हेज" या प्रश्नात किती प्रश्न दडलेले असतात!)

असो. तर मग सेटल होणं म्हणजे काय? व्याख्या करत बसत नाही, माझं सांगतो.

आमच्या कॉलेजच्या ओळखपत्रावर शहरातली बस फुकट होती. फुकट म्हटल्यावर कोकणी माणूस काय करणार? एका शनिवारी ६१सी बसमध्ये चढलो आणि नेहमीच्या स्टॉपला उतरलोच नाही. ही बस नदी ओलांडून होमस्टेडवरून मॅककीस्पोर्टला जाते. होमस्टेडला नदीकाठी एक भलामोठा मॉल आहे, आणि त्याच्या कडेला विटांची बारा धुराडी ओळीने उभी आहेत. कारखाना नाही, नुसती धुराडी. मी उतरलो. १८९२ सालचा कामगारांचा प्रसिद्ध संप झाला तो हाच पोलाद कारखाना, १९८६ साली तो बंद पडला. जमीन साफ केली, मॉल उभारला, धुराडी आठवण म्हणून ठेवली. मी तिथे उभा राहून चक्क हसलो, कारण लोअर परळचं फिनिक्स मी पाहिलेलं होतं.

पुढे त्याच बाजूच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी शनिवारी सकाळी म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायला जायला लागलो. बिनपगारी, विद्यार्थी व्हिसावर दुसरं काही करताही येत नाही. तिथे एक पंचाहत्तरीचे गृहस्थ यायचे, पोलाद कारखान्यात तीस वर्षं काढलेले. त्यांना फक्त ईमेल शिकायची होती. मुलगा टेक्सासला. कारखाना गेला तेव्हा पोरं कामाच्या शोधात पांगली, आणि गावात उरले आईबाप. मी माऊस कसा धरायचा ते दाखवत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, हे तर आमच्या आळीतले कुणीतरी आहेत! फरक इतकाच की यांना "यिन्झ" म्हणायची सवय. पिट्सबर्गच्या जुन्या लोकांचा "तुम्ही लोक" साठीचा हा शब्द, पुस्तकी इंग्रजीत नाही. एकदा मी त्यांना १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल सांगितलं. अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंत, कित्येक गिरण्या पुन्हा चालूच झाल्या नाहीत, आजोबांची खोली रिकामी झाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि धुराडी? धुराडी ठेवली का?" म्हटलं, काही ठेवलीत.

त्यानंतर कधीतरी मी त्या शहराला "इथे" म्हणायला लागलो. तोवर ते "इकडे" होतं. हा फरक ज्याला कळतो त्याला कळतो.

याला ना पैसे पडले, ना अभ्यास बुडाला. फक्त खोलीबाहेरचा एक माणूस आणि एक ठरलेली वेळ लागली, ज्याचा ना कॉलेजशी संबंध, ना लोनशी, ना मराठी मंडळाच्या गणपतीशी. मंडळाच्या गणपतीला मी दोन्ही वर्षं गेलो, उकडीचे मोदक हादडले, तेही हवंच.

न रुजलेला माणूस कसा असतो ते पाहायला रत्नागिरीकराला लांब जावं लागत नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षं आमच्या गावात होता. मोठा वाडा, बर्मी नोकरचाकर, इंग्रजांनी नेमून दिलेला तनखा, आणि परत जायची वाट. तो कैदीच होता, त्याला दोष कसा देणार? पण त्याच घरातल्या थोरल्या राजकन्येची वाड्यावर कामाला असलेल्या गोपाळ सावंतांपासून झालेली मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, गरिबीत का होईना पण इथलीच होऊन इथेच गेली. एकाच कुंपणाच्या आतबाहेर घडलेल्या या दोन गोष्टी. आजच्या विद्यार्थ्याला कुंपण घालायला कुणी इंग्रज नाही. त्याचं कुंपण वायफायचं आहे, आणि त्याचं दुसरं टोक बऱ्याचदा रत्नागिरीत असतं.

हे सगळं डोक्यात यायला कारण आहे आमच्या शेजारचा मुलगा. मेकॅनिकलचा, गेल्या ऑक्टोबरात जर्मनीत केमनिट्झला गेला. (शहराच्या मधोमध कार्ल मार्क्सचं केवढं तरी मोठं नुसतं डोकं बसवलेलं आहे. फोटो पाहून काकू म्हणाल्या, "बाकीचं कुठंय?") जर्मनीचं प्रकरण अमेरिकेहून वेगळं. जायच्या आधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवायचे, तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येणार. आणि घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करायची, तिला घरमालकाचं पत्र लागतं. घर नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर पुढची कामं अडलीच. अशा वेळी तिथल्या तीन मराठी मुलांनी याला सामावून घेतलं. फार मोठं काम केलं त्यांनी, यात शंका नाही.

आता सहा महिन्यांनी पोरगा म्हणतोय, दुसरीकडे राहायला जातो. दोन जर्मन आणि एक सीरियन, अशा मुलांच्या घरात एक खोली रिकामी होतेय. भाडं साठ युरोनी जास्त. युरो शंभरीच्या आसपास म्हणजे सहा हजार रुपये. आणि इथे काकांनी मला बोलावून घेतलं, तू समजाव त्याला म्हणून.

"अरे, आपली चार माणसं आहेत तिथं. ती सोडून कशाला जायचंय त्याला?"

मी म्हटलं, काका, सहा महिन्यांत त्याला जर्मन किती आलं? सुपरमार्केटपुरतं. त्याला नोकरी तिकडे हवी ना? लोन त्या नोकरीतून फिटणार ना? केमनिट्झच्या आसपासच्या कारखान्यांत मुलाखत मराठीत घेत नाहीत. साठ युरोत भाषेचा शिकवणीवर्ग घरी येतोय असं समजा. काका हिशेबाचे पक्के, हे त्यांना थोडं पटलं. मग मी खरं बोललो, ते पटलं नाही. मी म्हटलं, तुम्ही त्याला दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करता ते एकदा करा. रविवारी तासभर बोला. आमच्या वेळी कॉलिंग कार्डाची मिनिटं संपायची, त्यामुळे आम्हांला नाइलाजाने घराबाहेर पडावं लागायचं. याची मिनिटं संपतच नाहीत. सकाळी डबा काय केला ते, दुपारी काय खाल्लं ते, रात्री दार लावलं का ते. तो केमनिट्झमध्ये राहतच नाहीये, तुमच्या हॉलमध्ये राहतोय.

काकू म्हणाल्या, "मग आम्हाला कसं कळायचं बरा आहे की नाही ते?"

हा प्रश्न खरा आहे, आणि तो काकूंनी विचारला म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाची गोष्ट त्यांना सांगितली. रविवारी रविवारी "मजेत आहे" म्हणणारा. काकू घाबरल्या, उलटंच झालं. मग मी म्हटलं की फोनवरून ते कधीच कळणार नाही, दिवसातून दहा वेळा केला तरी. तिथे, त्या गावात, याला बघितलं नाही तर चौकशी करील असं एक माणूस हवं. कुणीही चालेल. घरातला सीरियन मुलगा, फुटबॉलचा क्लब, खालचा बेकरीवाला. त्याच्याशी तो कुठल्या भाषेत बोलतो तेवढं विचारा.

एक एप्रिलपासून जातोय तो नव्या खोलीत. घरातल्या साफसफाईच्या पाळ्यांचा एक तक्ता असतो म्हणे स्वयंपाकघराच्या दारावर, त्याला पुट्झप्लान म्हणतात. पहिल्या आठवड्यात याच्याकडे बाथरूम आलंय. काकूंना तो मोठाच धक्का होता. "बाथरूम धुवायला लावतात रे माझ्या पोराला?" रत्नागिरीत असताना त्याने कधी मोरी धुतली होती का, असं मी विचारलं. काकू हसल्या. काका नाही हसले.